छत्तिसातला एक

स्टिअरिंगच्या तीन दांड्यांपैकी एक मे महिन्यातच मोडली,
दुसरीवर सुंभ गुंडाळून हंगाम काढला.
कणकवलीच्या भंगारातून आणलेलं दुसरं चाक
आठ दिवस पडवीत पडून होतं
आणि जुनं निघत नव्हतं.

तळाशीलच्या वाळूत हा ट्रॅक्टर नांगरायला आलाच नाही कधी.
होड्या ओढतो.
मागची चाकं लाटेत घालून उभा राहतो,
दोर ताणला की खोकतो,
आणि अख्खी होडी, जाळ्यांसकट,
सुरूच्या सावलीत आणून ठेवतो.
एकवीस वर्षं खारं पाणी प्यायलेला.
चाक कुठे संपतं, दांडा कुठे सुरू होतो
नखाला कळत नव्हतं.

आधी रॉकेल. मग डिझेल.
मग आईने वाटीभर तारल्याचं तेल दिलं,
होडीच्या फळ्यांना लावतात ते.
तीन रात्री मुरलं. गावची मांजरं सीटवर झोपायला आली.
चाक हललं नाही.

मग आचऱ्याहून बशीर मुजावर आला,
मोटरसायकलला पुलर बांधून.
हॉर्नची टोपी उचकटली तर आत मूठभर वाळू
आणि पेराएवढी वाळलेली कुर्ली.
नट सैल केला, पण दोन आटे ठेवले.
"पुरो काढू नको कधी. सुटताना तोंडार येता."
पुलरही ताणून बघितला. त्याचाच एक पाय वाकला.

शेवटी मी गुडघे चाकाखाली लावून वर रेटलं,
त्याने नटावर पितळेचा तुकडा धरून हातोडा घातला.
ठण.
ठण. माडावरचा कावळा उडाला.
ब्लोलॅम्प लावला, परत ठण.
सतराव्या घावाला (मोजत होते, दुसरं काय करणार)
बाटलीचं बूच निघावं एवढ्याच आवाजात
ते सुटलं,
आणि माझे गुडघे एकदम छातीशी.

बशीर हसला नाही. फडक्याने दांडा पुसत बसला.
गंजाखाली दाते कोरे होते, नव्या सुईसारखे.
दांड्यावर कंपनीने ठोकलेला एक ठिपका,
एक चाकाच्या तुंब्यावर.
त्याने चाक होतं तसं वर धरून दाखवलं.
"हां बघ. एक दातो चुकलो हा."

छत्तिसातला एक.
म्हणजे सरळ जायचं
तर कायम जरासं डावीकडे धरायचं.
म्हणजे पपांचा डावा खांदा.
आम्हाला वाटे, लहानपणी माडावरून पडले असतील.
आचऱ्याचा शिंपी त्यांच्या सदऱ्याला
डावीकडे अर्धा इंच उतार द्यायचा, न विचारता.
रापणीतली पोरं नक्कल करायची,
खांदा पाडून, तोंडाने इंजिन काढत.
मी हसायचे. आणि मग
त्यांच्याच मांडीवर बसून चालवायला शिकले.

पपा खळ्यात जाळ्याला शिसं ओवत होते.
सांगितलं.
"माका ठावक हा," सुतळी न सोडता म्हणाले.
ट्रॅक्टर आणला त्याच आठवड्यात चाक त्यांनीच काढलं होतं,
त्यांनीच घातलं.
नट आवळून झाल्यावर लक्षात आलं,
तेवढ्यात खवणेकरांची होडी लाटेत आडवी झाली.
"मगे काढूया म्हटलंय."
शिशाची एक गोळी. आणखी एक.
"ऱ्हवलां."

बशीर ट्रॅक्टरपाशी थांबला होता.
"सरळ बसवू, काय होतां तसांच?"
सरळ, म्हटलं मी.
त्याने ठिपक्याला ठिपका लावला, ग्रीस फासलं,
पैसे घेताना पुलरच्या वाकड्या पायाचे धरले नाहीत.

पौर्णिमेनंतर पहिली होडी ओढायला बसले.
समोर मोकळी वाट,
हात आपसूक डावीकडे.
ट्रॅक्टरने ऐकलं. मी सांगितलं तिकडेच गेला:
मी, मागे होडी, होडीला लागलेली बारा माणसं,
सगळी रुक्मीकाकीच्या सुकत घातलेल्या बांगड्यांत.

शिव्या सगळ्या ऐकून घेतल्या.
लांब, सुरूखाली पपा उभे होते.
डावा खांदा त्यांनी उचलून बघितला, उजव्याएवढा,
क्षणभर.
परत सोडला.

मी दोर सोडायला सांगितला
आणि रिव्हर्स टाकला.