शिळी थंडी

फेब्रुवारीत रस्त्यावरचा बर्फ म्हणजे नुसती अडगळ.
मिठाने खारट, धुराने काळपट, टायरांनी मळलेला.
होक्काइदोतल्या आमच्या या गावात
पूर्वी तो नदीत ढकलायचे.
आता ट्रक माझ्याकडे येतात, बंद खाणीच्या आवारात,
आणि मी टेकडी रचते.

मार्च सरता सरता तिच्यावर लाकडी ढलप्यांचा थर,
हातभर जाड.
येणारे-जाणारे विचारतात, बर्फाला थंडी वाजते का गं, सेत्सु?
मी म्हणते, बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत ना,
तसं हिला ऊन.

ऑगस्टात तिच्या पोटातून पाणी निघतं, दोन अंशांचं,
नळीतून वृद्धाश्रमाच्या तळघरात उतरतं,
गारवा तिथे ठेवून कोमट होतं,
आणि परत येतं
टेकडीलाच चाटायला.
कॉम्प्रेसर बंद. एक पंप तेवढा गुणगुणतो.
मीटर मुंगीच्या पावलाने सरकतो.
हिशेबनीस कुवाबारा दर सोमवारी तो आकडा दोनदा वाचतात,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

निम्मी टेकडी तशीच वाहून जाते
कुणालाही गार न करता.
ते आम्ही धरूनच चालतो.

दुसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या खाटेवर
माझे वडील.
एकतीस वर्षं याच आवाराखालून त्यांनी कोळसा उपसला;
छातीत अजून थोडा शिल्लक आहे.
वार, महिने हातून निसटलेत,
थंडी मात्र ओळखतात.
छताची जाळी फुंकर घालू लागली की तोंड वर करतात,
जीभ बाहेर काढतात,
विचारतात, "कुठल्या गल्लीतला?"

काल सांगितलं, शाळेसमोरचा.
आज काय झालं कोण जाणे, म्हटलं,
आपल्या दारातला.
आई गेली त्या सकाळी
कुणी फावडं लावलं नव्हतं, तो.

बाहेर रातकिडे भरदुपारीच पेटले होते.
त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"जपून वापर."

सप्टेंबरात टेकडी गुडघ्याएवढी उरते,
आणि गाडलेलं वर येतं:
एक नंबरप्लेट, छत्रीची काडी,
लोकरीचा लाल हातमोजा,
पाच-सहा वर्षांच्या हाताचा.
धुऊन कुंपणाच्या खिळ्याला अडकवलाय.

अजून ओला आहे.