पाचशे बारा

लिएपायाच्या रोजगार कचेरीत
झाने नावाच्या बाईंनी यादी पुढे सरकवली:
मासळीच्या डब्यांना झाकणं बसवणे,
रात्रीचा ट्रक, रीगा ते विल्निअस,
इस्पितळात श्रवण-चाचणी सहाय्यक, प्रशिक्षण मोफत.
वय? त्रेपन्न.
आधीचा व्यवसाय?
पियानो जुळवणे, मी म्हणालो.
त्यांनी लिहिलं: इतर.

एकतीस वर्षं या गावाचे पियानो मी सुरात आणले.
मग संगीतशाळेने विजेवरचे घेतले,
जे कधी उतरतच नाहीत,
आणि लोक जुने फुकट देऊ लागले, फक्त घेऊन जा म्हणाले.
न्यायला कोणी येईना.
एक तर मीच कुऱ्हाडीने फोडला,
जिन्यातून उतरेना म्हणून. त्याचे पैसे मिळाले
सुरात आणण्यापेक्षा जास्त.

तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं
ते एका शब्दासाठी.
म्हटलं, पोटाला निदान कान तरी तेच.

वर्गात मी सोडून सगळी एकोणीस-वीसची.
सरांनी पेटीतून नादकाटा काढला
तेव्हा मला हसू फुटलं.
माझ्या खिशात तसाच एक होता, चारशे चाळीसचा.
हा पाचशे बाराचा, जरा बुटका,
पायाशी चपटी बशी,
कानामागच्या हाडावर टेकवायला.
मी आजवर तो लाकडावर टेकवत आलो होतो.

मग म्हणाले, आता एकमेकांना तपासा.
एलिझाने मला काचेच्या खोलीत बसवलं,
कानांवर हेडफोन, हातात बटण.
"आवाज आला की दाबायचं, काका."
दाबलं. दाबलं. दाबलं.
मग काहीच नाही.
मी काचेवर टकटक केली: अगं, यंत्र बंद पडलंय.
ती ओठ मिटून चकत्या फिरवत होती.

कागदावर रेघ तीन हजारांपर्यंत सरळ गेली होती,
पुढे धक्क्यावरून पाय घसरावा तशी.

सरांना नवल वाटलं नाही.
एकच पट्टी, पुन्हा पुन्हा, जोर लावून,
तार बसावी म्हणून.
तार बसायची. कानही बसत होते.

स्काइद्रीते बाई तीन वर्षं सांगत होत्या,
वरचे सूर काचेसारखे टोचतात हो.
मी कानाआड केलं.
म्हणालो, वय झालं की असं वाटतं.
आणि पैसे मोजून घेतले.

आता पांढरा कोट आहे, काखेत काचतो.
पगार ट्रकवाल्याच्या निम्मा.
काल गोदीतला वेल्डर आला, आर्विद्स,
बायकोने दटावून पाठवलेला.
"माझे कान ठणठणीत आहेत. तीच पुटपुटते."
खोलीत तो बटण दाबत राहिला,
मी आवाज सोडलाच नव्हता तिथेसुद्धा.
ते दाबणं मी ओळखतो.
म्हटलं, यंत्र जरा अडतंय, पहिल्यापासून घेऊ.
मग काटा गुडघ्यावर आपटला, त्याच्या हाडाला लावला.
तो बराच वेळ गप्प.
"बोट निघाल्यासारखं," म्हणाला.
"संपलं की सांगा."
"अजून आहे," म्हणाला. "अजून आहे."

शनिवारी एलिझाला घेऊन स्काइद्रीते बाईंकडे गेलो.
चौथा मजला, लिफ्ट नाही.
दारातच सांगायला लागलो,
अर्धं सांगून झालं तशा त्या म्हणाल्या,
आत या, चहा ठेवते.

झाकण उघडलं. किल्ली माझ्या हातात,
तीस वर्षांत दांडा बोटांच्या आकाराचा झालेला.
शेवटच्या सहा-सात पट्ट्या.
मला नुसती लाकडाची टकटक.
एलिझा तारांवर वाकलेली, केस एका हाताने मागे धरून:

थोडं वर.
अजून.
नाही, जास्त झालं काका,
मागे या.