अंगठा

सदतीस सेकंदांचा होता तो आवाज.
एक बाई रडत सांगत होती,
माझा भाऊ नौदलात आहे, समुद्र निघालाय,
हे लोक लपवतायत, पोरांना घ्या, वर पळा.
रात्रीचे दोन वाजले होते.
मी तो चौसष्ट जणांना पुढे ढकलला
आणि मग चपला शोधल्या.

सगळं न्यांको बंदर टेकडीवर चढलं.
गाद्या, कोंबड्या, कुणाचं तरी शिवणयंत्र.
खाली समुद्र होता तसाच, होड्यांना थोपटत.
डॉन एलेउतेरियो अनवाणी चढताना घसरले,
खुब्याचं हाड मोडलं.
उजाडलं, ओहोटी आली ती नेहमीच्या वेळेला.

सोमवारी एदेल्मिरा बाईंनी पुस्तक उघडलं नाही.
"तुला कुणी पाठवला? आणि तुला?"
फळ्यावर नाव, नावाकडून नावाकडे बाण.
हळूहळू जाळं विणलं गेलं,
आणि जाळ्याच्या सगळ्या दोऱ्या
माझ्या नावापाशी गोळा झाल्या.
माझ्या आधी कोण, मला माहीत नव्हतं.
एक नंबर होता, फोटोत सूर्यफूल.

बाई काही बोलल्या नाहीत.
हाताच्या पंज्यानेच त्यांनी माझं नाव पुसलं,
बाण तसेच राहिले, मधल्या पांढुरक्या डागाकडे धावत.
"आता ऐकू या," म्हणाल्या.

अकरा वेळा ऐकला वर्गाने तो आवाज.
पहिल्या तीन वेळा नुसतं रडणंच ऐकू आलं.
चौथ्यांदा कुत्रं.
नवव्यांदा फ्रेसिया म्हणाली, थांबा,
मागे कुणीतरी सिलिंडर ठोकतंय.
गॅसवाला!
रात्री दोनला कुठल्या गावात येतो गॅसवाला?
आम्ही इतके हसलो की शेजारचा वर्ग डोकावला.
मीही हसलो. मग खुब्याचं हाड आठवलं.

तेव्हा मागच्या बाकावरून येर्को म्हणाला,
"म्हणजे चढायलाच नको होतं?
सरकार सांगेल तेव्हाच चढायचं?"

बाईंच्या हातात खडू होता.
तो त्यांनी बराच वेळ पुसत बसल्यासारखा धरला.
"ज्या वर्षी समुद्र खरंच आला," त्या म्हणाल्या,
"रेडिओवरचा आवाज शांत होता,
शिकलेला, अधिकाऱ्याचा.
धोका नाही, म्हणाला, घरी जा.
माझी बहीण घरी गेली."

बाहेर कुणीतरी इंजिन सुरू करत होतं,
ते लागत नव्हतं.

"त्या पहाटे जमीन इतकी हलली होती
की उभं राहता येत नव्हतं.
परवा रात्री हलली का?
कुणी आपल्या पायांना विचारलं?"

आम्ही पायांकडे पाहिलं.
फळ्यावर त्यांनी नियम लिहिला नाही.
आम्ही वह्या उघडून बसलो होतो, तशाच मिटल्या.

संध्याकाळी गेलो डॉन एलेउतेरियोंकडे,
आईने दिलेले शिंपले घेऊन.
"तुझा आवाज होता म्हणे?"
"आवाज नाही. अंगठा फक्त माझा."
ते हसले, हसताना कळ आली, थांबले.
"माझा बाप अंगठा द्यायचा," म्हणाले,
"त्याला वाचता येत नव्हतं.
कागदावर काय आहे ते दुसऱ्याने सांगायचं,
याने शाई लावायची.
असाच गेला आमचा वरचा तुकडा.
तुला तर वाचता येतं ना रे?"

मी शिंपले बशीत ओतले.
ज्या कागदात बांधले होते तो ओला वर्तमानपत्राचा तुकडा
ते म्हणाले, वाच, इथे दिवस जात नाही.
मी सुरुवात केली: काल रात्री उशिरा...
"कालची म्हणजे कधीची?"
मी कोपरा उलगडला.
तारखेच्या जागी खवले चिकटले होते
आणि त्यांच्याखाली कागद विरलेला.

"मग सावकाश वाच," म्हणाले,
आणि डोळे मिटून, एक कान माझ्याकडे करून
पडून राहिले.