निळी चौकट

दुकानातल्या पोरानं काचेवर तीन कॅट मांडले.

पहिला कागदी, गुळगुळीत.
(पहिल्या महिन्यात सगळेच गुळगुळीत असतात,
पण त्याचं लग्न व्हायचं होतं, मी बोलले नाही.)
दुसऱ्याला कापडासारखी वीण,
बोटाखाली बारीक बारीक खड्डे;
त्यांत हवा राहते म्हणे, म्हणून पान पानाला चिकटत नाही.
तिसरा आरपार प्लास्टिकचा.
वाकवला, सोडला, ताठ झाला.
"हा धुता येतो, आजी."

थंडर बेच्या धान्यकोठारावर मी एकतीस वर्षं
गव्हाची वजनं लिहिली.
हातात घेतलेली वस्तू
मला सहसा फसवत नाही.

आमचा जुना कॅट कागदीच होता.
गुरुवारचं तळघर, भिंतीपलीकडे सौना,
वाफ पिऊन पानं पावासारखी फुगलेली.
किलवरच्या राणीवर बिअर सांडलेली,
हुकमाच्या पंजीचा कोपरा डेल्फिनोच्या कुत्र्यानं खाल्लेला.
ती राणी ज्याच्या हातात
त्याच्याकडे आम्ही कुणी बघायचो नाही.
सभ्यपणा म्हणजे आमच्याकडे एवढाच.

मग जानेवारीत एकदा, पानं मोजताना,
दिव्याखाली दिसल्या
कडेला नखाच्या खुणा,
चंद्रकोरीएवढ्यासुद्धा नाहीत.
फक्त चौकटवर.

डोकं तापलं माझं. कोण? ओरेस्ट?
मग सगळ्या चौकट वेगळ्या काढल्या.
एक्का, राजा, ठीक आहे.
पण दुर्रीवर कोण खूण करतं?
तिर्रीवर? छक्कीवर?
तेराच्या तेरा, इमानानं,
शाळेत पोरं वहीला समास आखतात तशा.
लबाडी इतकी कष्टाळू नसते.

आणि मग आठवला नोव्हेंबर:
वेइकोनं छाती फुगवून पाच बदाम टेबलावर टाकले,
त्यातला एक चौकट होता.
ओरेस्ट हसला.
वेइको त्याच्याहून मोठ्यानं हसला.
त्यानंतर तो दिव्याच्या बाजूला बसायला लागला,
आणि पानं बघायच्या आधी
अंगठ्यानं चाचपायला.

"चार रंगांचा आहे का?" मी विचारलं.
पोरगा खाली वाकला, धूळ पुसली.
हुकूम काळा, बदाम लाल,
किलवर हिरवा, चौकट निळी. आकडे ठसठशीत.
"हा नवशिके नेतात," तो म्हणाला.
चौतीस डॉलर. प्लास्टिकचा.
मी दोनदा पिसून बघितला.
बर्फावरून घसरगाडी जावी तसा आवाज.

गुरुवारी ओरेस्ट म्हणाला, "हे काय, निळी चौकट?
उद्या राजाला फ्रॉक घालाल."
डेल्फिनो म्हणाला, हा कॅट लहान मुलांचा.
मी म्हटलं, सवलतीत मिळाला.
आयुष्यात इतका चांगला ब्लफ
मी पैशांसाठी कधी मारला नव्हता.

वेइकोनं पानं उचलली.
अंगठा कडेवरून फिरला.
परत फिरला.
प्लास्टिक. नख उमटत नाही त्यावर.
तो थांबला. माझ्याकडे बघितलं नाही.
मग पानं त्यानं जरा लांब धरली,
आणि मी बघत होते, नाही म्हणू कशाला,
त्याचे खांदे
कोटाची खुंटी सुटावी तसे खाली आले.

त्या रात्री तो अकरा डॉलर हरला.
नेहमीपेक्षा चार जास्त.
दिसायला लागलं म्हणून
खेळ सुधारतो असं नाही.

निघताना, एक बूट पायात, एक हातात,
त्यानं विचारलं, "जुना कॅट?"
"शेगडीत घातला."
"सगळा?"
"एकूणएक पान."
बाहेर उणे सव्वीस. सरोवर कण्हत होतं.
वेइको नाडी बांधत राहिला,
बराच वेळ,
जी आधीच बांधलेली होती.