नळाजवळचे

सियागंजातल्या तीन दुकानांचे हिशेब माझ्याकडे:
हळदवाले, हिंगवाले, आणि एक नुसते साबूदाण्याचे.
प्रत्येकाचं एक फोल्डर, प्रत्येकात एक फाइल,
तिन्ही फायलींचं नाव एकच. दर.
मीच ठेवलं. दुसरं काय ठेवणार होते?

एडिटरात तिन्ही उघडल्या की वरच्या पट्टीवर
दर, दर दोन, दर तीन.
दोन म्हणजे हिंग, असं नव्हे.
दोन म्हणजे आज जी दुसऱ्यांदा उघडली ती.
उद्या तीच एक होते.
आकड्याला रांग कळते, घर कळत नाही.

एका मंगळवारी रात्री
हळदीच्या फाइलमध्ये मी हिंगाचे भाव भरले.
सकाळी धनराजजींचा फोन:
"बेटा, हल्दी चौदा हज़ार किलो?"
रागावले नाहीत. म्हणाले,
आता गोणी दुकानात कशाला, तिजोरीतच ठेवतो.

त्या दुपारी जेवण राहिलं, पण सेटिंग सापडलं.
आता पट्टीवर दर/हळद, दर/हिंग, दर/साबूदाणा.
नावाला घराचा तेवढाच तुकडा चिकटतो
जेवढ्यानं गल्लत टळते.
अख्खा पत्ता कुणी मागत नाही.

खरं तर हे मला आमच्या पोस्टमननं
शाळेत असतानाच शिकवलं होतं.

इंदुरात त्र्यंबक आठले दोन.
एक आमचे बाबा, एक स्नेहलतागंजातले, तारखात्यातून निवृत्त.
त्यांच्या विम्याच्या नोटिसा आमच्या कोनाड्यात,
बाबांच्या पेन्शनचे कागद त्यांच्या देव्हाऱ्यामागे.
महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं
पाकिटं बदलायला भेटत, पोहे खात,
आणि एकमेकांना "अहो आठले" म्हणताना
दर वेळी तितकंच हसत.
लोकांची सोय सोपी होती: रामबागवाले, गंजवाले.

मग गंजवाल्यांनी घर विकलं
आणि आले कुठे, तर रामबागेत,
आमच्याच मागच्या गल्लीत.
एका ट्रकभर सामानानं रामबाग हा शब्द निकामी झाला.
लोकांना आणखी एक पायरी आत जावं लागलं.
ते झाले गिरणीवरचे.
बाबा, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, नळाजवळचे.
(त्या नळाला पाणी मी कधी पाहिलं नाही.)

गेल्या पौषात गिरणीवरचे गेले.
माणसं आमच्याकडे आली.
पांढरे कपडे, मान खाली, चपला उंबऱ्याबाहेर,
आणि दार बाबांनीच उघडलं.
उज्जैनहून आलेल्या एक बाई किंचाळल्याच.
"मी नळाजवळचा," बाबा म्हणाले,
"पाणी घ्या. तुम्हाला मागच्या गल्लीत जायचंय."
असं अकरा जणांना पाणी दिलं त्यांनी.
अकराव्याबरोबर स्वतःच निघाले,
चष्मा घरी विसरून.

रात्री काम संपतं. हिंग बंद करते,
साबूदाणा बंद करते.
उरलेल्या टॅबवरून हळद आपोआप गळते, ती तिरकी रेघही,
नाव पुन्हा आखूड: दर.
एडिटर मला विचारत नाही.
दुसरा कुणी नाही, तर शेपूट कशाला,
एवढाच त्याचा हिशेब, आणि तो चूकही नाही.

काल बँकेचं पत्र आलं.
त्र्यंबक आठले, रामबाग. बस्, एवढंच.
पोस्टमन नवा आहे, तो कोपऱ्यावर थबकलाही नाही,
पत्र सरळ आमच्याच दारात.
बाबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं,
उजेडाकडे धरलं,
मग फोडण्याआधी खिशातलं पेन काढून
नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं:
नळाजवळचे.