सतरा ठिकाणी उजेड

अचाओच्या धक्क्यामागे, समुद्राकडे पाठ करून
रेमिहिओकाकानं ट्रकची टाकी उतरवली.
आधी हुंगली.
मग आत मूठभर नट, सायकलची साखळी,
दोन बाटल्या व्हिनेगर,
आणि बांधली शेजाऱ्याच्या काँक्रीट मिक्सरला.

दिवसभर गल्लीत नुसता खडखडाट.
"चर्चची घंटा ऐकू येईना!" ओतिलिया खिडकीतून करवादली.

संध्याकाळी ओतलं तर लाल चिखल,
बादली भरून वर सांडला.
आत पत्रा लख्ख.
काकानं तोंडातून विजेरी सोडली
आणि अंधारात टाकीच्या पोटाला
सतरा ठिकाणी उजेड.

म्हणजे इतकी वर्षं
गंजानंच पेट्रोल धरून ठेवलं होतं.

तो काही बोलला नाही.
शेडमधून माझ्या बापाच्या होडीची टाकी आणली.
होडी कधीच विकली; गिऱ्हाइकाला ही नको होती.
सीटमागे पट्ट्यानं आवळली, नळी जोडली.
तीनदा इंजिन नुसतं खोकलं.

आता उतारावर आमच्या पाठीशी पेट्रोल डचमळतं,
आणि जन्मात होडीत न बसलेला काका
स्टिअरिंग किंचित
लाटेच्या अंगाला धरतो.