सदतीस सेंटिमीटर

दर शनिवारी ओताकार ट्रकच्या पोटाखाली शिरतो.
झ्दिस्लावाला खिडकीतून फक्त बूट दिसतात,
डावा हलला की ती कॉफी ठेवते.

चेक लष्कराच्या लिलावातला प्रागा,
व्हिसोचिनाच्या टेकडीवर, सफरचंदाखाली.
हवेवर थंड होणारं इंजिन:
पाणीच नाही, तर गोठणार काय?
हे तो प्रत्येक पाहुण्याला दोनदा ऐकवतो.

यंदा पॉवर स्टिअरिंग बसवलं.
एकोणसत्तरचा खांदा; वळण म्हणजे
बैलाची शिंगं पिरगाळणं झालं होतं.
ब्रेकची हवा कुठून जाते ते
साबणाच्या फेसाने शोधलं. फुगा आला, सापडली.
हीटरसाठी मधमाश्यांच्या चार पेट्या विकल्या.
"मध निदान गोड होता," झ्दिस्लावा म्हणाली.

मग सीट उचकटली, आणि मागे
शिवणाच्या टेपचा तुकडा.

शेवटचे दीडशे दिवस उरले
की पलटणीतली पोरं टेप घ्यायची,
रोज एक सेंटिमीटर कापायची.
संपली की घर.
ही सदतीसवर थांबलेली.

कात्री हरवली असेल.
लवकर सुटला असेल.
तिसरं काही ओताकार बोलला नाही.
पाना पुसला. पुसलेलाच परत पुसला.

सीटला नवा फोम, नवं कातडं, स्प्रिंगासुद्धा नव्या.
टेप होती तिथेच,
गंजाच्या त्याच डागावर.

संध्याकाळी स्टार्टर दाबला.
धूर, खोकला, मग तो जाडा सूर.
कोंबड्या पांगल्या.
गाडी फाटकापर्यंत गेली, उलटी परत आली.
"झालं?"
"मागच्या उजव्या चाकात काहीतरी वाजतंय,"
तो म्हणाला,
आणि पुन्हा आडवा झाला.